राणीच्या तबेल्याची सोनेरी कडी

…आणि वर आमचा मिंचो मला म्हणतो, "बिजागरी फुकट पडली!" फुकट? डोंबलाचं फुकट! तुम्हाला सांगतो मंडळी, आता जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. आमच्या सासूबाईंच्या तांब्याच्या काहिलीची शपथ घेऊन सांगतो, आणि ती काहील काही साधीसुधी वस्तू नाही, आत चार माणसं बसून जेवतील एवढी मोठी आहे… बरं, तीन. दोन माणसं आणि एक मांजर. पण बाकी सगळं खरं! सगळं मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे जे पाहिलं नाही ते मिंचोनं सांगितलं, आणि जे त्यानं सांगितलं नाही ते मला त्याच्या तोंडावरून कळलं, म्हणजे पाहिल्यासारखंच झालं की नाही?

मिंचो म्हणजे माझा साडू. साडू हे नातं देवानं केलेलं नाही बरं का, दोन बहिणींच्या हातून दोन वेगवेगळ्या चुका झाल्या की आपोआप तयार होतं. त्सोन्कानं मला केलं, तिच्या धाकटीनं, गिन्कानं, मिंचोला केलं, आणि तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवून आपापल्या बायकोला सांगत आलोय, बघ, त्यातल्या त्यात तुझं बरं झालं. तर हा मिंचो. वय त्रेपन्न, अस्सल गाब्रोवोचा, बल्गेरियातलं चिक्कूंचं गाव ते, म्हणजे काटकसर रक्तातच. फोनचा उजेड निम्म्यावर ठेवतो. का? तर काच झिजते! दिवसभर कारखान्यात लेथवर खरं लोखंड तासतो, त्याचा त्याला पगार मिळतो. संध्याकाळी घरी येतो, बूट काढतो, आणि फोनवर खोटं लोखंड ठोकत बसतो, त्याचं त्याला… हां, तिथंच तर सगळी बोंब आहे!

खेळाचं नाव 'नऊ भट्ट्या'. मी तो कधी उघडलेला नाही. म्हणजे उघडलाय, पण खेळलेलो नाही. त्यात लढाया आहेत, राक्षस आहेत, उडते घोडे आहेत, जगभरची माणसं तिथं एकमेकांची डोकी फोडतायत, मजेत आहेत. आमचा मिंचो काय करतो? लोहारकाम! चौकात एक फळा आहे, त्यावर रोज कामगिरी लागते. आज काय, सरदाराच्या घोड्याला नाल करून आणा. उद्या काय, मठाच्या दाराला बिजागरी करून आणा. माल तुमचा, भट्टी तुमची, घाम तुमचा, आणि वस्तू नेऊन दिली की फळ्याजवळचा तो मिशाळ कारभारी, नाकातून बोलतो मेला, "राज्य तुमचं ऋणी आहे, कारागीर!" आणि हातावर टेकवतो तीन मोहरा. तीन! त्या मोहरांचं काय येतं? शंभर साठल्या की एक खुर्ची. बसता येत नाही तिच्यावर. नुसती बघायची!

आता माल किती लागतो ते ऐका. नुसत्या लोखंडाची बिजागरी मठाला चालत नाही, तिला सोनेरी दर्जा पाहिजे, आणि सोनेरी दर्जाला लागते राळ. ही राळ कुठं मिळते? डोंगराच्या पार टोकाला एक वाळकं झाड, त्याला दिवसाला एक थेंब. खेळातल्या बाजारात एका थेंबाला बारा हजार सोन्याची नाणी. एका बिजागरीला आठ थेंब. म्हणजे शहाण्णव हजारांचा माल घाला आणि तीन मोहरा घेऊन घरी या! किळस येते हो, हिशेब तोंडात आला तरी किळस येते! मला त्या खेळातलं फारसं कळत नाही, पण शहाण्णव हजारांत तिथं अख्खा दिवाणखाना सजतो, वीस खुर्च्या, वर झुंबर, कोपऱ्यात पाण्याचं कारंजं, कारंज्याला सिंहाचं तोंड… हे आपलं ऐकीव.

मी त्याला म्हटलं, "अरे शहाण्या, राळ वीक की! आल्या पैशात खुर्ची घे, वर उरेल त्यात दुसरी घे, एकीवर तू बसू नकोस, दुसरीवर गिन्का बसणार नाही!" तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही खुळा मीच. आणि सावकाश, एकेक शब्द चघळत, "दोब्री, अरे, राळ मला विकत कुठं घ्यावी लागते? मीच डोंगर चढतो, मीच काढतो. घरचाच माल आहे!"

घरचाच माल! ऐकलंत? या दोन शब्दांवर या माणसानं अकरा महिने काढले. डोंगर चढतोय, थेंब काढतोय, उतरतोय, ठोकतोय, तीन मोहरा घेतोय, पुन्हा डोंगर. डोळे तांबडेलाल. विचारलं, "डोळ्यांना काय झालं रे?" तर म्हणतो, "डोळे काय, आपलेच आहेत. घरचाच माल!" अरे, मग मूत्रपिंडंही घरचीच आहेत, ती पण दे कारभाऱ्याला, एकाला तीन मोहरा!

बरं, हाच माणूस स्वयंपाकघरात कसा वागतो? सप्टेंबर लागला की आमच्याकडे गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून मिरच्या भाजल्याचा वास सुटतो, सगळं गाव खमंग होतं, आणि ज्याच्या घरी ल्युतेनित्सा घोटली जात नाही त्याच्याकडे शेजारी दवाखान्यात भेटायला आल्यासारखे बघतात. लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, कुटायच्या, टोमॅटो घालून दिवसभर विस्तवावर घोटायच्या, की वर्षभराची चटणी झाली. तर गिन्का जेवताना सहज म्हणाली, "शनिवारी बाबांकडे जायचंय हं, ल्युतेनित्सा घोटायला." झालं! मिंचोनं घास खाली ठेवला. कानावरची पेन्सिल काढली.

"परवडत नाही."

"काय परवडत नाही? मिरच्या बाबांच्या मळ्यातल्या आहेत."

"आणि गाडीचं पेट्रोल? सरपण? बरण्यांची झाकणं? तुझे बाबा मिरच्यांना पाणी घालतात, ते पाणी काय आभाळातून पडतं?"

"आभाळातूनच पडतं, मिंचो."

"आणि माझी कंबर? कंबर धरली तर एक बरणी नऊ लेवला पडते, गिन्के! दुकानात साडेतीनला मिळते!"

आमची त्सोन्का असती तर बशी फुटली असती. गिन्का तशी नाही, ती थांबते. मग म्हणाली, "परवा त्या मठाला बिजागरी केलीस, तिला काय खर्च आला?"

"तिला? तिला कसला खर्च? घरचाच माल!"

गिन्कानं गेल्या वर्षीची शेवटची बरणी हळूच टेबलावरून उचलली, झाकण लावलं आणि कपाटात ठेवली. आमचा कारागीर कोरडा पाव चावत बसला, आणि तुम्हाला सांगतो, चावता चावता दुसऱ्या हातानं डोंगर चढत होता!

आता काहिलीचं ऐका, कारण खरी गोम तिथं आहे. सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. सोनंनाणं काही नव्हतं, होती ती एक काहील. तांब्याची, आतून कल्हई, सासूबाईंच्याही सासूची. गिन्का चार वर्षांची असल्यापासून स्टुलावर उभी राहून त्या काहिलीत डोकवायची, आणि घोटून झालं की पहिला पावाचा तुकडा आई त्यात बुडवून तिच्याच तोंडात घालायची. तेव्हा गिन्काला ती काहील हवी होती. आणि आमच्या त्सोन्काला का हवी होती? गिन्काला हवी होती म्हणून!

सासरेबुवा कान्यो, वय ब्याऐंशी, दोन लेकींच्या मधे बसून बसून वैतागले, आणि एक दिवस आम्हा दोघांना अंगणात उभं करून म्हणाले, "मुली दोन्ही माझ्या, त्यांच्यात मी निवड करणार नाही. जावई दोन्ही परके, तुमच्यात करतो. या शनिवारी चटणी दाटत आली की शेवटचा एक तास तुम्ही घोटायचं, अर्धा दोब्रीनं, अर्धा मिंचोनं. ज्याच्या पाळीत तळाला लागेल, त्याच्या घरी काहील जाणार नाही. दुसऱ्याच्या जाईल."

मी विचारलं, "बाबा, आणि कुणाच्याच पाळीत लागलं नाही तर?"

"तर तुम्ही माझे जावई नाहीच!"

घोटणं सोपं वाटतं तुम्हाला? सुरुवातीला सोपं असतं. पण चटणी दाटली, की एक क्षण हात थांबला, की करपली! आणि तळाशी बोटभर करपली की सगळी काहील गेली, धुराची चव वरपर्यंत चढते, चाळीस बरण्या डुकरांपुढे. गिन्का शुक्रवारी मिंचोला म्हणाली, हे त्यानंच मला सांगितलं, "अर्धा तास, मिंचो. लग्न झाल्यापासून काही मागितलं नाही तुझ्याकडे. फक्त अर्धा तास हात थांबवू नकोस." तो म्हणाला, "काळजी करू नकोस, हात काय…" आणि पुढचं बोलला नाही, नशीब.

आणि शनिवारी सकाळी त्या मेल्या फळ्यावर काय लागावं? महाकामगिरी! वर्षातून एकदाच लागते. राणीच्या तबेल्याची सोनेरी कडी! तबेल्याची! राणीच्या महालाची असती तरी एक वेळ समजलो असतो, घोड्यांच्या दाराला सोन्याची कडी! चोवीस थेंब राळ, मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाच, आणि बक्षीस काय, तर मोहरबंद पेटी. आत काय आहे ते सांगत नाहीत. सांगितलं तर कोण करील? आणि शेवटी दहा मिनिटं भाता दाबायचा, अंगठ्यानं, ठेक्यात. तीन ठेके चुकले की चोवीसच्या चोवीस थेंबांची राख. विचार करा, अकरा महिन्यांचा डोंगर! मिंचोजवळ तेवीस थेंब होते. चोविसावा त्यानं बाजारात विकत घेतला, त्या दिवशी भाव चढलेला, चाळीस हजारांना. मी म्हटलं, "आता? आता तरी घरचा नाही ना?" तर म्हणतो, "तेवीस घरचे आहेत रे. एकासाठी तेवीस वाया घालवू?" आणि तो एक थेंब कुणी विकला ते आपण सोडून देऊ.

तर शनिवार. अंगणात चूल पेटलेली, सकाळपासून घोटणं चाललंय, हातभट्टीच्या राकियाचे छोटे पेले, बायका एकीकडे बरण्या उकळतायत, सासरेबुवा खुर्ची टाकून, काठीवर हनुवटी. चार वाजता माझी पाळी. वल्ह्याएवढा लाकडी सराटा हातात घेतला, आणि काय घोटलं सांगू! असं घोटलं की सासरेबुवा म्हणाले… म्हणजे म्हणाले नाहीत, पण बघत होते. म्हणजे पाठ होती माझ्याकडे, पण पाठीवरून कळतं. आणि मी काही हावरट माणूस नाही. पाच मिनिटं आधीच, मोठ्या मनानं, सराटा मिंचोच्या हातात दिला. म्हटलं, "घे, गड्या, तुलाही जरा जास्त घोटायला मिळू दे."

मिंचोनं गिन्काचा फुलाफुलांचा एप्रन बांधलेला. उजव्या हातात सराटा. आणि डावा हात? डावा हात एप्रनच्या खिशात! वाटेल माणसाला गार वाऱ्यानं बोटं गारठली असतील. मी समोरून बघतोय, खिसा हलतोय. टुक्… टुक्… टुक्… भाता! चालू केला होता त्यानं! पहिली चार मिनिटं दोन्ही हात आपापलं काम करत होते, मानलं पाहिजे, लेथवरचा माणूस. मग उजवा हात डाव्याचं ऐकायला लागला. खिसा टुक् केला की सराटा एक फेरा, खिसा थांबला की सराटा थांबला. शेवटच्या दोन मिनिटांत भाता जलद दाबायचा असतो, फार जलद, आणि तेव्हा मिंचोनं खिशातून फोन काढून सरळ सराट्याच्या दांड्यावर टेकवला, जीभ दातांत धरली, आणि… सराटा उभा! काहिलीत झेंड्यासारखा उभा!

खेळातली राळ जळू नये म्हणून या माणसानं खरी चटणी जाळली, मंडळी!

वास आधी गिन्काला आला. बरण्यांवरून मान वर केली तिनं. सासरेबुवा उठले, काठी टेकत आले, मिंचोच्या हातातून सराटा घेतला. ल्युतेनित्सा झाली की नाही हे आमच्याकडे कसं बघतात? सराटा तळाशी टेकवून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढायचा, चटणी दोन्हीकडे सरली आणि मधे रस्ता दिसला की झाली. म्हाताऱ्यानं ओढला. रस्ता दिसला. काळा.

आणि नेमक्या त्याच वेळी फोनमधून तुताऱ्या! आणि तो नाकातला आवाज, "राज्य तुमचं ऋणी आहे, कारागीर!" पेटी उघडली. आत काय होतं? काय असेल, सांगा! तांब्याची काहील! शोभेची! खाली बारीक अक्षरांत: विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, यात काही शिजत नाही.

गिन्का हात पुसत जवळ आली. फोनमधली काहील बघितली. चुलीवरची बघितली. मग अगदी हळू, भाजीचा भाव विचारावा तशी विचारते, "हिला काय खर्च आला, मिंचो?"

आणि त्या माणसानं, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच, ते दोन शब्द उच्चारले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काहील आमच्याकडे आली. गिन्कानं स्वतः घासून दिली, राख नि व्हिनेगर लावून, तळाचं सगळं काळं निघेपर्यंत. मी म्हटलं, "अगं, राहू दे, आम्ही घासू." म्हणाली, "नको, दाजी. आमच्याकडून करपलीय." मिंचो गाडीत बसून होता, उतरला नाही. तेव्हापासून तो फळ्याकडे फिरकलेला नाही. डोंगरावरही जात नाही. संध्याकाळी बूट काढतो आणि गिन्काबरोबर बरण्यांची झाकणं मोजत बसतो, रिकाम्या बरण्यांची.

तर असं हे. किळस येते की नाही? अशा खेळाची, अशा फळ्याची, त्या नाकातल्या आवाजाची? मला तर…

काय म्हणालात? फळ्याकडे फिरकत नाही हे मला कसं कळलं? हां. बरं, सांगतो. एवढ्या गोष्टीत एक भाग मी रचून सांगितला. काहिलीचं माप नव्हे, ते तुम्ही धरलंच असेल. आणि 'मी खेळत नाही' ही थापही तुमच्या मघाशीच लक्षात आली असणार, त्या कारंज्यापाशी. खेळात माझं लोहारदुकान त्या फळ्याच्या समोरच आहे. नाही, रचलेला भाग म्हणजे ती पाच मिनिटं. पाच नव्हती. बारा होती. आणि मन मोठंबिठं काही नव्हतं. चार वाजून पाच मिनिटांनी मी भाता सुरू केला होता, माझ्या खिशात, राणीच्या त्याच तबेल्यासाठी. सव्वाचारला कडी झाली. तेव्हा बघतो तर सराटा उभा. आणि वास, मंडळी, तो गिन्काला आधी आला नव्हता. मला आला होता. म्हणून म्हटलं, घे, गड्या, तुलाही जरा जास्त घोटायला मिळू दे.

मिंचोला अजून वाटतं त्याच्याच हातून लागली.

आता माझ्याकडे तांब्याच्या काहिली दोन. एकीत काही शिजत नाही, आणि दुसरीत त्सोन्कानं जिरॅनियमची रोपं लावलीत. परत द्यावी? रोज ठरवतो. रविवारी तर मातीसकट गाडीपर्यंत उचलून नेली होती, कंबर गेली माझी. डिकीचं दार उघडलं, उभा राहिलो, आणि मनाशी म्हटलं, दोब्री, नेऊन सांगणार काय? आणि घाई तरी कसली? गिन्काकडे काय नि आमच्याकडे काय… घरचाच तर माल आहे!